टायमिंग बेल्ट बदलताय? आधी सील बघा

डस्टर, टेरानो, लॉजीतल्या १.५ लिटर डिझेलचा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) तेलकट निघाला, तर नवा बेल्ट खोक्यातून काढूच नका. तेल कुठून आलं ते आधी शोधा. क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टचं, पुढचं सील (शाफ्टभोवतीची तेल अडवणारी कडी) गळत असेल तर खालचं कव्हर भिजलेलं असतं. कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या शाफ्टचं, गळत असेल तर ओघळ कॅमच्या पुलीमागून उतरतो, पण हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) कव्हरचं पॅकिंग गेलं तरी तसाच ओघळ दिसतो. म्हणून पुसून घ्या आणि सगळ्यात वरची ओली जागा गाठा. तेलानं बेल्टचं रबर फुगतं, दाते सुटतात. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात आणि हेड उतरवावं लागतं.

टायमिंग लावायला दोन पिना लागतात: एक ब्लॉकमध्ये, क्रँकसाठी, आणि दुसरी कॅमच्या पुलीतून हेडमध्ये. पिना न वापरता जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरच्या खुणा करून काम उरकणारे उस्ताद खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका. आधीच्या माणसानं एक दाता चुकवला असेल, तर खुणा करून तुम्ही त्याचीच चूक नव्या बेल्टवर उतरवता. आणि पुलीचा बोल्ट सोडताना क्रँकला त्या पिनेच्या भरवशावर धरून ठेवू नका. पिन जागा दाखवायला असते, जोर झेलायला नसते. त्यासाठी फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) लॉक करा. क्रँकपुलीचा बोल्ट परत वापरायचा नाही, नवाच घ्या.

आता सील. नवा माणूस इथेच अडकतो, म्हणून सावकाश वाचा. जुनं सील काढण्याआधी ते काठापासून किती आत बसलंय ते मोजून लिहून ठेवा. मग काढा, पण पेचकस शाफ्टवर टेकवून उचकटू नका. शाफ्टवर केसाएवढा ओरखडा उठला तरी नवं सील गळणार, आणि दोष मात्र सीलला दिला जाणार. शाफ्ट पुसून सीलची कड जिथे फिरते तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. मग सील पूर्वीच्याच खोलीवर बसवलं तर त्याची कड पुन्हा त्याच खाचेत जाणार. हाऊसिंगमध्ये (सील बसतं त्या खोबणीत) जागा असेल तर मिलीमीटरभर पुढे-मागे बसवा, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते.

सीलं दोन प्रकारची मिळतात. साध्या रबरी कडेच्या सीलला थोडं इंजिन ऑइल लावायचं. टेफ्लॉनच्या कडेचं सील प्लॅस्टिकच्या गाइडसकट येतं. ते कोरडंच बसवायचं, कडेला बोटही लावायचं नाही आणि गाइड आधी काढायचा नाही. सवयीनं त्याला तेल चोपडलं की ते गळतं. ठोकताना हातोडी थेट सीलवर नको. सीलच्या मापाचा पाइप किंवा सॉकेट घ्या आणि चारही बाजूंनी सारखं आत न्या. तिरकं गेलं तर दुसरं आणा.

सील नीट बसवूनही गळलं, तर क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तपासा. तो चोंदला की आतला दाब सीलमधूनच वाट काढतो.

बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप बदलाच. पंप याच बेल्टवर चालतो. तो महिन्याभरात गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल. बेल्ट दुमडू नका, बाण फिरण्याच्या दिशेलाच ठेवा, ढील टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. मग पिना काढा आणि क्रँक पान्ह्यानं, इंजिन फिरतं त्याच दिशेनं, पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका. पिना पुन्हा सहज बसल्या पाहिजेत. ढकलाव्या लागल्या तर दाता चुकलाय. बेल्ट उतरवा आणि परत लावा. सुरुवातीला हे दोनदा-तीनदा करावं लागतं, त्यात लाज नाही. टेन्शनर या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासून घट्ट करा. टॉर्क आणि अंश (बोल्ट किती जोरानं आणि पुढे किती वळवून आवळायचा ते) मॅन्युअलमधून घ्या, अंदाजानं नाही.

हजार किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा. वरचं कव्हर काढा, टॉर्च मारा आणि कॅमच्या पुलीखाली कोरडं बोट फिरवून बघा.