डोंगरातल्या जुन्या झाडाचा घेर कसा मोजावा

राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट या पट्ट्यातल्या देवरायांत जुनी जांभळं, हिरडे, अंजनी अजून उभी आहेत. त्यांची नोंद ठेवायची तर आधी गुरवाला किंवा गावकऱ्यांना विचारा. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते.

फायबरची टेप घ्या. शिंप्याची टेप ताणली जाते. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा, आणि उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या, म्हणजे चढाच्या बाजूने धरायची. खालून धरली तर टेप बुंध्याच्या फुगीर भागावर येते आणि आकडा उगाच मोठा निघतो. टेप खोडाच्या अक्षाला काटकोनात हवी. मागच्या बाजूला ती हमखास खाली घसरते, म्हणून तिथे दुसरा माणूस उभा करा. वेली टेपखाली अडकू देऊ नका, पण कापूही नका. शेवाळही खरवडू नका. आधारमुळं फळीसारखी वर चढली असतील तर ती संपतात त्याच्या वर मोजा आणि ती उंची लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या मोजणीशी तुलनाच होणार नाही. वडाच्या पारंब्या वेगळ्या मोजा.

घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो: ४४० सेंमी घेर, म्हणजे साधारण १४० सेंमी.

यावरून वय मात्र सांगू नये. सदाहरित जंगलातल्या बऱ्याच झाडांत वार्षिक वलयं स्पष्ट नसतात. वयासाठी खोडाला भोक तर मुळीच पाडू नका; त्या जखमेतून बुरशी शिरते.

पावसाळ्यात साल फुगते. दरवर्षी एकाच महिन्यात मोजा, डिसेंबर बरा.