अभ्यंग शिकताना: पंचकर्म विभागातल्या नव्या हातांसाठी

अभ्यंग म्हणजे आयुर्वेदातली अंगभर तेल लावून करायची मालिश. ती शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न जोराचा असतो: कुठे किती दाबायचं? पंचकर्म तंत्रज्ञाच्या शिक्षणात हा धडा उशिरा येतो आणि यायलाही उशिराच हवा. आधी कुणाला हात लावायचा नाही ते, मग द्रोणीपाशी (मालिशच्या लाकडी मेजापाशी) उभं कसं राहायचं ते, मग तेल. एवढं अंगवळणी पडलं की जोर बऱ्यापैकी बेतात येतो.

आधी केसपेपर, मग तेल

कोणतं तेल, किती दिवस, स्वेदन (घाम आणणारा शेक) द्यायचं की नाही हे वैद्य ठरवतात. पण द्रोणीवर आलेल्या माणसाच्या अंगाला पहिला हात आपला लागतो, म्हणून शेवटची तपासणीही आपलीच. ताप, अपचन, नुकतंच झालेलं वमन किंवा विरेचन (औषधाने करवलेली उलटी किंवा जुलाब), कफाने भरलेली छाती असेल तर अभ्यंग नाही; अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथातला निषेधही जवळपास हाच आहे. पोटभर जेवून आलेल्याला निदान दोन तास थांबवायचं. त्वचेवर नायटा, गजकर्ण, उघडी जखम किंवा पू दिसला तर आधी वैद्यांना दाखवायचं.

सगळ्यात जास्त लक्ष पोटरीकडे द्या. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, त्यातही माणूस नुकताच ऑपरेशनमधून उठलेला, बरेच दिवस अंथरुणावर पडून असलेला किंवा लांबचा प्रवास करून आलेला असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ‘जरा आखडलंय, दाबून द्या’ असा आग्रह झाला तरी हात लावायचा नाही, वैद्यांना बोलवायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह किती वर्षांचा आहे, तळपायाला बधिरपणा आहे का, बीपी आज किती आहे, दिवस गेले आहेत का, हे रोज विचारायचं, काल विचारलं असलं तरीही. कंबरदुखीच्या माणसाने लघवीवर ताबा राहत नाही किंवा जांघेत बधिर वाटतं असं सांगितलं, तर मालिश तिथेच थांबवून त्याला ताबडतोब दवाखान्यात पाठवायचं.

उभं राहणं

या कामात वर्षभरात हात सोडून देणारे दिसतात ते अंगठ्याच्या बुडाशी आणि मनगटात उठणाऱ्या कळांमुळे. कारण एकच: सगळा दाब अंगठ्याच्या टोकाने देणं. दाब यायला हवा शरीराच्या वजनातून. एक पाऊल पुढे, एक मागे. कोपर जवळपास सरळ, पाठ ताठ. मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन सरकवलं की तळहात आपोआप पुढे जातो. कंबरेतून वाकून खांद्याने ढकललं तर तिसऱ्या रुग्णालाच पाठ बोलू लागते.

उंचीचा अंदाज घ्यायला द्रोणीशेजारी हात सोडून उभे राहा. बोटांची पेरं पृष्ठभागाला टेकली तर उंची ठीक. लाकडी द्रोणीची उंची सहसा बदलता येत नाही आणि तिला काठही असतो. म्हणून बुटक्या माणसाने पायाखाली न सरकणारा रुंद पाट घ्यावा. खोल दाबासाठी कोपराखालचा सपाट भाग वापरायला लवकर शिका. अंगठा लावावाच लागला तर तो मागे वळू न देता दुसऱ्या हाताचा आधार द्या.

तेल

पूर्ण अंगाला साधारण 100 ते 150 मिली तेल लागतं. कोरड्या त्वचेला आणि दाट लव असलेल्या अंगाला जास्त. तेल सरळ गॅसवर ठेवायचं नाही: आच बंद केल्यावरही ते तापतच राहतं आणि वर बेताचं वाटलं तरी तळाशी चटका बसण्याइतकं गरम असतं. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून 38 ते 40 अंशांपर्यंत आणा. दिवसभर गरम तेलात राहून तळहाताला उष्णता कळेनाशी होते, म्हणून थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन बघा. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेही माणसाला ‘गरम लागतंय का’ विचारून उपयोग नाही, त्याच्यासाठी थर्मामीटरच.

तेल कमी पडलं की लव ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी केसांच्या मुळाशी बारीक पुरळ उठतं. जास्त झालं तर हात नुसता घसरतो, स्नायू पकडीत येत नाही. वाटीत एका वेळी 30–40 मिलीच घ्या, बाकीचं पातेल्यात गरम राहू द्या.

सात स्थिती

बसून, उताणं, डाव्या कुशीवर, पालथं, उजव्या कुशीवर, पुन्हा उताणं, पुन्हा बसून. कुशींचा क्रम केंद्रागणिक थोडा बदलतो. आपल्या विभागात चालतो तोच पाळा. किती वेळ? डल्हण या जुन्या टीकाकाराने सुश्रुताच्या आयुर्वेद ग्रंथावरच्या टीकेत तेल कुठवर पोचायला किती मात्रा (एक ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा) लागतात ते दिलं आहे: केसांच्या मुळांशी 300 आणि तिथून पायरीपायरीने मज्जेपर्यंत 900. 900 मात्रा म्हणजे अंदाजे पाच मिनिटं. म्हणून दर स्थितीला पाच मिनिटं, एकूण 35. घाई करून वीस मिनिटांत उरकणारा विद्यार्थी बहुधा पाठ नीट करतो आणि कुशी खाऊन टाकतो.

सुरुवात टाळूपासून, मग कान, मान, खांदे. हातापायांवर लांब सरळ हात, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका. मणक्यांवर थेट दाब कधीही नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू धरायचे. गुडघ्यामागचा खळगा, बगल, जांघ आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना नसा व रक्तवाहिन्या अगदी वर असतात, तिथून तेल लावत नुसतं पुढे सरकायचं.

दिशेवरून विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. अभ्यंगात हात लवेच्या दिशेने, म्हणजे अनुलोम चालतो. स्पाच्या कोर्समध्ये स्वीडिश पद्धत शिकवतात, तिथे लांब हात हृदयाच्या दिशेने जातात. दोन्हीला आपापली कारणं आहेत, पण अर्धं हे अर्धं ते करू नका. वैद्यांनी लिहून दिलं असेल ते करा. उद्वर्तनासारखी कोरड्या चूर्णाची क्रिया असेल तर उलट, प्रतिलोम.

दोघांनी दोन बाजूंनी करायचं असेल तर हात एकाच वेळी सुटले आणि एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक जण खांद्याशी आणि दुसरा कोपराशी असला की द्रोणीवरचा माणूस डोलू लागतो आणि अंग ढिलं सोडायच्या ऐवजी आवळून धरतो. सुरुवातीला मनात आकडे मोजा. अनुभवी जोडीदाराने वेग ठरवायचा, नव्याने मागे चालायचं.

सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडतात, ती हौस इथे नको. त्या झटक्याने मानेतली मेंदूकडे जाणारी धमनी फाटू शकते.

कटिबस्तीची पाळी

कटिबस्ती म्हणजे कंबरेवर पिठाची पाळी, म्हणजे गोल कडं, बसवून त्यात गरम तेल ठेवणं. परीक्षेत आणि रोजच्या कामातही फजिती होते ती इथे. उडदाचं पीठ पाव ते अर्धा किलो, पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. लांब पट्टी वळून कंबरेवर पाच-सहा इंच रुंद, दोन इंच उंच गोल पाळी बसवा. आतून आणि बाहेरून ओल्या बोटाने कडा त्वचेला चिकटवून घ्या. आधी मालिश झाली असेल तर ती जागा कोरड्या कापडाने अगदी पुसून काढा. तेलकट कातडीवर पीठ धरत नाही, गळतीचं मुख्य कारण हेच. सैल मळलेलं पीठ गरम तेलाने बसतं आणि पाळी पसरते.

तेल मध्यभागी ओतू नका, कडेने चमच्याने सोडा. निवलं की कापसाने टिपून काढा, गरम घाला. 30 ते 40 मिनिटं. रुग्णाला आधीच सांगून ठेवा: खोकला येणार असेल तर हात वर करा. तेवढ्यात पाळीला बाहेरून हाताचा आधार देता येतो.

उतरवणं आणि धुणं

माणसाला झटकन उठवू नका. आधी कुशीवर, मग बसतं, मिनिट-दोन मिनिटं तसंच, आणि जमिनीवर पाय टेकवण्यापूर्वी तळपाय कोरडे पुसा. पंचकर्माच्या खोलीतले अपघात जास्त करून इथेच होतात. पेटीतलं स्वेदन असेल तर कपाळावर घाम आला, आखडलेपणा गेला, हलकं वाटलं की थांबायचं; घड्याळात पाच मिनिटं उरली असली तरी.

अंग झाकलेलंच ठेवा, चालू असलेला भाग तेवढा उघडा. स्त्रियांना स्त्री आणि पुरुषांना पुरुष, हा पंचकर्म केंद्रांचा रिवाज आहे. कोर्सला प्रवेश घेण्याआधी तुमच्या बॅचला प्रत्यक्ष रुग्णांवर किती तास हात चालवायला मिळतो ते विचारा. नुसत्या एकमेकांवरच्या सरावात वृद्धांची सैल त्वचा आणि दुखरे सांधे हाताखाली येत नाहीत.

तेलकट टॉवेल गरम पाण्यात सोडा घालून लगेच धुवा. ड्रायरमधून काढलेले गरम टॉवेल घडी घालून ढिगात रचू नका. धुऊनही तेलाचा अंश राहतो, ढिगात उष्णता कोंडते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून गार होऊ द्या, मगच कपाटात.