जुना टेबल सॉ आणि एक मिलिमीटर

स्वस्तात मिळाला म्हणून जुना टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायचं यंत्र) उचलला. गंज रॉकेल आणि स्टील वूलने तासाभरात निघाला. खरी डोकेदुखी वेगळीच: कापताना लाकूड जळायचं. पातं नवं बसवलं (उगाच खर्च!), तरी कडेला काळे डाग तसेच.

मग प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण केली. फेन्सच्या (लाकूड जिला टेकवून सरळ सरकवतात ती पट्टी) बाजूच्या मायटर खाचेपासून (टेबलावरची पात्याला समांतर असायला हवी ती खाच) तो दात पुढे असताना अंतर मोजलं, तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजलं. मागे चक्क १ मिमी कमी! म्हणजे पातं आणि फेन्सच्या मध्ये लाकूड चिमटत होतं. ते उसळून अंगावरही आलं असतं. पातं धरणाऱ्या सांगाड्याचे टेबलाखालचे बोल्ट सैल करून तो लाकडी हातोडीने हलकेच ठोकला. बोल्ट आवळताना सांगाडा पुन्हा सरकायचा, त्यामुळे तीनदा मोजावं लागलं.