रडर पेडलची थरथर कशी गेली

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (विमान चालवण्याच्या खेळात) इंदूरच्या २५ नंबर धावपट्टीवर सेसना १७२ हे छोटं विमान सरळ धावेना. टेकऑफला इंजिनाच्या जोराने ती डावीकडे ओढतेच, पण इथे इंजिन बंद असतानाही रडर, म्हणजे पायातल्या पेडलने वळणारं शेपटीचं पातं, फडफडत होता. विंडोजच्या कॅलिब्रेशन खिडकीत, जिथे पेडलची हालचाल रेघेने दिसते, पाहिलं, पेडल मध्यावर असताना रेघ सारखी उडत होती. म्हणजे स्प्रिंग ठीक, दोष पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागाचा. पाय बहुतेक वेळ मध्यावरच असतो, त्यामुळे आतली कार्बनची पट्टी तिथेच आधी झिजते. महाराणी रोडवरून कॉन्टॅक्ट क्लीनर आणला, केबल काढून आत फवारला आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. साधं तेल मात्र अजिबात घालू नका, धूळ धरतं. पूर्ण वाळल्यावर नव्याने कॅलिब्रेशन, डेडझोन (मध्याजवळची हालचाल जिथे धरली जात नाही तो पट्टा) अगदी थोडा. आता रेघ जागची हलत नाही!