मोहरीवरचा मावा आणि सिरफिड माशी

थंडी पडली की इंदुरात गच्चीवरच्या मोहरी-कोबीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, धरतो आणि त्याच्या मागोमाग सिरफिड माशी येते. सगळ्यांत सहज दिसणारी जात म्हणजे एपिसिर्फस बाल्टिएटस. लांबी सेंटिमीटरभर, केशरी पोटावर काळे आडवे पट्टे, एक जाड नि एक बारीक असे जोडीने. गांधीलमाशी समजून हिला मारू नका. हिला पंखांची एकच जोडी असते आणि नांगी नसते.

मावा खाते ती अळी; माशी फुलांवर जगते. परागकण मिळाले नाहीत तर मादीची अंडी पिकत नाहीत. सोंड आखूड, म्हणून उघडी, उथळ फुलं हवीत: कोथिंबीर, शेपू, बडीशेप. भरगच्च झेंडूचा इथे उपयोग नाही. सियागंज बाजारातले किराण्याचे अख्खे धणे चालतात. लाटण्याखाली रगडून दोन फाकी करा, ऑक्टोबरच्या मध्यात दीड सेंटिमीटर खोल पेरा, पंधरा दिवसांनी दुसरी कुंडी लावा. एक कुंडी मात्र खुडायची नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं: फुलायच्या आधीच कोथिंबीर आमटीत जाते.

आता मोहरीचं पान उलटा. माव्याच्या घोळक्याशेजारी मिलिमीटरभर लांब, पांढरं, सुटं अंडं दिसेल. दोन-तीन दिवसांत अळी निघते: हिरवट, अर्धपारदर्शक, मागे जाड, पुढे निमुळती, पाय नाहीत, वेगळं डोकं नाही. सुरवंट समजून लोक हिलाच चिरडतात. ती जास्त करून रात्री खाते, म्हणून अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बघा. मावा तोंडात धरून पानावरून उचलते, आतला रस शोषते आणि रिकामं कातडं टाकून देते. एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते.

मावा दिसला की लगेच फवारू नका. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तर नकोच, ते परागातही उतरतं. कडुनिंबाचं तेलसुद्धा कोवळ्या अळीवर थेट पडलं तर घातक. मावा फारच झाला असेल तर आधी अळ्या तपासा आणि अळी नसलेले शेंडेच खुडून टाका.

अळ्या टिकतच नसतील तर मुंग्या बघा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या अळ्यांना हुसकावतात. कुंडी विटांवर ठेवा, विटा पाण्याच्या परातीत, आणि पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

पानाला चिकटलेला थेंबासारखा कोष काढू नका. पुढचं टोक झाकणासारखं उघडलेलं असेल तर माशी उडाली. ओबडधोबड भोक असेल तर आतून परजीवी गांधील निघाली आहे.