चाकावरच्या घरात कुठलं सामान जादा ठेवावं

एकतीस वर्षं मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. विणकराची मजुरी निघालेल्या मालावर. माग थांबला की मजुरी थांबते आणि तो आपल्या तोंडाकडे बघत उभा राहतो. अशा वेळी ‘पिकर आणायला माणूस पाठवलाय’ असं सांगायची मला लाज वाटायची. पिकर म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला ठोकर देणारा तुकडा. म्हणून माझ्या कपाटात पिकर, धोटे, चामड्याचे पट्टे, स्प्रिंगा कायम शिलकीत असायच्या.

निवृत्त झाल्यावर शाळेची जुनी मिनीबस घेतली, सीट काढून आत घर बसवलं आणि शहरातलं घर भाड्याने दिलं. चार वर्षं झाली, बायको आणि मी बसमध्येच राहतो. गेल्या दिवाळीपासून मुक्काम हत्तरसंग कुडलच्या बाजूला, मित्राच्या शेतात. भीमा आणि सीना इथं मिळतात, आणि संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. जागा फार सुंदर आहे. पण रात्री आठला काही मोडलं तर ते आपल्याजवळ असेल तरच बदलता येतं. असं राहायचं मनात असलेले बरेच जण विचारतात, काय काय सोबत ठेवता? म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट. नवीन माणूस सुटे भाग म्हटलं की इंजिनाकडे धावतो. मीही धावलो होतो. पण कायम राहणाऱ्याची गाडी महिन्यातून दोनदा हलते आणि नळ दिवसातून पन्नास वेळा उघडतो. त्यामुळे आधी पाणी, मग वीज, मग गाडी, या क्रमाने सामान जमवा. कुठला भाग बंद पडला तर आजचा स्वयंपाक अडेल, हा प्रश्न घरातल्या प्रत्येक वस्तूला विचारत फिरा. मी वही घेऊन फिरलो होतो, त्या वहीचीच पुढे यादी झाली.

पाण्याचं मी अद्दल घडून शिकलो. दुसऱ्या वर्षीचा मे महिना. बायको भाकरीचं पीठ मळत होती, हात धुवायला नळ सोडला तर नुसता घर्र आवाज, मग तोही बंद. बाराच्या व्होल्टेजवर चालणारा छोटा पंप गेला होता. टाकीत दोनशे लिटर पाणी होतं, पण बाहेर काढायला रस्ता नाही. पिठाचे हात तसेच वर धरून ती म्हणाली, “अहो, पाणी आहे ना? मग द्या की.” चार दिवस टाकीचं झाकण उघडून तांब्याने पाणी उपसलं. पंप खोलला तर आत वाळूचा एक कण झडपेत अडकलेला. झडप मिटेना, म्हणून प्रेशर तयार होईना, म्हणून पंपाचा स्विच आपोआप बंद होईना आणि मोटर न थांबता चालत राहून जळलेली.

पाचव्या दिवशी एक शेतकरी मित्र आला. “काय करायलास बे?” म्हणाला, आणि माझ्या हातातला जळका पंप बघून हसला. त्याच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपात जवळपास तसाच पंप होता, बारा व्होल्टचा, आतल्या रबरी पडद्यावर (डायफ्रॅमवर) चालणारा. असले पंप शेतीच्या दुकानात सुटे मिळतात, दुरुस्त करणारेही असतात. तेव्हापासून माझ्याकडे तसला एक पंप नवा कोरा, न वापरलेला असतो. एक मात्र जीव तोडून सांगतो: पाण्यासाठी नवाच घ्या. औषध फवारलेला पंप कितीही धुतला तरी पिण्याच्या किंवा भांड्याच्या पाण्याला लावायचा नाही. कुणी फुकट दिला तरी नाही.

पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर हवा आणि ती जाळी दर रविवारी धुवायची. जादा जाळी एक. नळाचे वायसर सात-आठ, कारण आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने क्षार धरतो आणि रबर लवकर खराब होतं. टेफ्लॉन टेपचे दोन रोल, अर्ध्या इंची दोन कॉक, चार क्लिपा, मीटरभर पाइप.

यातूनच मला सगळ्यात मोलाची गोष्ट कळली. मंद्रूपला, मोहोळला, कुठल्याही मोठ्या गावात गेलात तर ठिबकचं आणि पीव्हीसीचं सामान मिळतं, मोटारसायकलचे बल्ब-वायरी मिळतात, ट्रॅक्टरच्या बॅटरीचे लग, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायचे तुकडे, मिळतात. कारण ते तिथल्या माणसाला रोज लागतं. आमच्या बसमध्ये सुरुवातीला पुण्याहून मागवलेले परदेशी मापाचे दाबून बसवायचे जोड होते. दिसायला छान होते, पण एक तडकला की आठ दिवस कुरिअरची वाट. एका उन्हाळ्यात मी ते सगळे काढले आणि अर्ध्या इंची साधे जोड बसवले. आता पाण्याच्या लायनीत असा एकही तुकडा नाही जो शेतकऱ्याच्या दुकानात मिळत नाही. तुम्ही घर अजून बांधत असाल तर हे आत्ताच करा, जादा सामानाची अर्धी यादी आपोआप कमी होईल.

विजेचं. छतावर दोन पॅनल, खाली ट्यूब्युलर बॅटरी. फ्यूज प्रत्येक आकड्याचे पाच नग ठेवतो: पाच, दहा, पंधरा, वीस, तीस अँपिअर. फ्यूज वायरला जपण्यासाठी असतो. दहाचा उडाला आणि दहाचा सापडला नाही म्हणून तीसचा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या आधी वायर तापेल, आणि आपलं घर लाकडाचं, फोमचं आणि पडद्यांचं आहे. तार गुंडाळून काम भागवणं तर अजिबात नको. म्हणूनच फ्यूज जास्त ठेवायचे, म्हणजे मोह होत नाही. बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजचाही एक जोड ठेवा, तो गावात मिळत नाही.

चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत बेताने भरणारं यंत्र. माझ्याकडे चांगला, पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एमपीपीटी आहे, आणि कपाटात एक स्वस्तातला साधा पीडब्ल्यूएम जातीचा पडून आहे. तो कमी वीज काढतो, पण मुख्य बंद पडला तर दिवे आणि पंखा चालू ठेवतो. घेताना पॅनलच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसताना पॅनल देतं ते व्होल्टेज, बघा, ते कंट्रोलरच्या मर्यादेत बसलं पाहिजे. मी एक पॅनल लावून, दिवसभर चालवून, मगच तो डब्यात ठेवला. कंट्रोलर बदलताना बॅटरी आधी जोडायची, पॅनल नंतर, आणि काढताना पॅनल आधी. हे मी आतल्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवलंय, कारण अंधारात, घामात, घाईत डोकं चालत नाही.

इन्व्हर्टर जादा ठेवत नाही, परवडत नाही. त्याऐवजी पंखा, दिवे, पंप, फोनचं चार्जिंग थेट बारा व्होल्टवर घेतलंय. इन्व्हर्टर गेला तर फक्त मिक्सर अडतो, आणि शेंगाचटणी तशीही खलबत्त्यातच चांगली होते. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मात्र कायम. बॅटरीत बोअरचं पाणी एकदाही घालू नका.

गॅसच्या बाबतीत माझं मत कडक आहे. जादा नळी ठेवा, तिच्यावरची तारीख बघून घ्या, सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. रेग्युलेटर किंवा सिलिंडरच्या तोंडाला स्वतः हात लावू नका, ते एजन्सीच्या माणसाचं काम. गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद बसमध्ये तो जमिनीलगत साठून राहतो. शेगडीला पर्याय म्हणून मी बाहेर तीन दगडांची चूल मांडलीय आणि सरपण कोरडं ठेवलंय.

आता गाडी. टेंभुर्णीच्या अलीकडे एकदा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा गरम दाखवू लागला. फॅन बेल्ट तुटला होता. मला चिंता नव्हती, नवा बेल्ट सीटखाली होता. दुकानदाराने ‘याच गाडीचा’ म्हणून दिलेला. बसवायला गेलो तर पुलीच्या खाचेत बसेना, वरच तरंगला. लांबी बरोबर, रुंदी जादा. मागावर आयुष्यभर ए सेक्शन आणि बी सेक्शनचे बेल्ट हाताळलेला माणूस मी. ए वरून तेरा मिलिमीटर, बी सतरा. व्ही बेल्ट दोन्ही कडांनी खाच धरतो, वर तरंगला तर घसरतो. पण दुकानात मी तो खोक्यातून काढूनसुद्धा बघितला नव्हता. साडेतीन तास रस्त्याच्या कडेला बसलो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम असा: नवा भाग आणला की गाडीला नवा लावायचा आणि चालू असलेला जुना काढून डब्यात ठेवायचा. जुना बेल्ट बसतो हे माहीत असतं, तो सोडवताना कुठला पाना लागतो ते कळतं, हात कुठे अडतो तेही कळतं. त्या वेळी लागलेले पाने त्याच पिशवीत बांधून ठेवतो. माझ्या बेल्टच्या पिशवीत बारा-तेराचा पाना, सतराचा रिंग पाना आणि ताण द्यायला एक लाकडी दांडका आहे. तो दांडका एका जुन्या मागाच्या पिकिंग स्टिकचा, म्हणजे पिकर हलवणाऱ्या दांड्याचा, तुकडा आहे, माझ्या फार जवळचा. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज असाच. खालचा लोक विसरतात. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो.

डिझेल फिल्टर दोन. फिल्टर बदलला की लायनीत एअर धरते, डिझेलच्या हातपंपाने ती काढायचा सराव घरी करून ठेवा. माझी गाडी जुन्या पद्धतीच्या पंपाची आहे. कॉमन रेलवाल्यांनी, म्हणजे नव्या, जास्त दाबाच्या डिझेल इंजिनवाल्यांनी, इंजेक्टरकडच्या नळीला हात लावू नये, तिथला दाब जीवघेणा असतो. फिल्टरच्या बोल्टचे तांब्याचे वायसर जादा ठेवा, आणि नसले तर जुने परत वापरता येतात: चिमट्यात धरून आचेवर लाल होईपर्यंत तापवायचे, पाण्यात बुडवायचे. तांबं त्याने मऊ होतं आणि परत नीट बसतं. पहिल्यांदा केलं तेव्हा बायको चहाचं आधण उतरवून माझ्यासाठी शेगडी मोकळी करत होती. वायसर आधी काळा पडला, मग कडेपासून हळूहळू लाल झाला. तो रंग दिसला की लगेच पाण्यात.

ब्रेक ऑइलचा मोठा डबा घेऊ नका. ते हवेतला ओलावा ओढतं, उघडलेला डबा वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही. छोटा, सीलबंद घ्या. बाकी ब्रेकचं काम ज्याला येतं त्यानेच करावं. स्टेपनीच्या टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नवा दिसणारा, न वापरलेला टायरही रबर म्हणून म्हातारा होतो.

साठवण्याचं काम लोक हलक्यात घेतात. सोलापूरचा मे म्हणजे बाहेर ४३-४४ अंश, आणि बंद पत्र्याच्या गाडीत त्याहून पुष्कळ जास्त. चिकटवायच्या ट्यूबा, रबर, एम-सील, सगळं या उन्हात मरतं. रबराच्या वस्तू टाल्कम पावडर लावून काळ्या पिशवीत, गाडीच्या सगळ्यात खालच्या, सावलीच्या कप्प्यात ठेवतो. बारीक सामान शेंगाचटणीच्या प्लास्टिकच्या बरण्यांत. झाकण घट्ट लागतं, आतलं दिसतं, आणि आमच्या घरी त्या कधी संपत नाहीत. बरणीवर मार्करने नाव, आणि आत कागदाची चिठ्ठी: भाग कुठला, कुठून घेतला, कधी घेतला, कुठला पाना. बाहेरचं नाव पुसलं जातं, आतली चिठ्ठी राहते. जड सामान मागच्या चाकांच्या मध्ये खाली, छतावर काहीच नाही. आणि वायरीचा गुंडाळा पत्र्याच्या डब्यात, कारण ज्वारी काढणीच्या दिवसांत उंदीर बसमध्ये येतात आणि वायरी कुरतडतात. एकदा त्यांनी मागच्या दिव्यांच्या वायरींबरोबर माझी जादा वायरही खाल्ली.

वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढतो. एकदा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला शहरात जातो तेव्हा, कारण जे कमी असेल ते लगेच दुकानातून घेता येतं. आणि दुसऱ्यांदा मृग लागायच्या आधी, कारण पावसात ही काळी माती चाक सोडत नाही आणि कधी पंधरा दिवस निघता येत नाही. अंगणात जुनी सोलापुरी चादर अंथरतो, तीवर बरण्या ओततो. रबर वाकवून बघतो, भेगा दिसल्या तर टाकतो. पंप बॅटरीला लावून अर्धा मिनिट फिरवतो. ज्याचं यंत्रच आता गाडीत राहिलेलं नाही असा भाग निघाला तर कुणाला तरी देऊन टाकतो.

यंदा पुण्याहून मागवलेले ते परदेशी जोड निघाले, अकरा नग. बायको म्हणाली, राहू द्या, असावेत. मी ते कागदात गुंडाळून कुरिअरने अशाच गाडीत राहणाऱ्या एका पोराला पाठवले, त्याच्याकडे अजून तेच बसवलेले आहेत. रिकाम्या बरणीत दुसऱ्या दिवशी नळाचे वायसर भरले.