भोर ते महाड: वरंधा घाटातून सायकलने

सुमारे ८० किलोमीटरची ही वाट एका दिवसात करायची असेल, तर भोरहून उजाडता उजाडता निघावे. पावसाळ्यात दरडी कोसळत असल्याने हा घाट अनेकदा बंद ठेवला जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा आणि तरीही रस्ता सुरू असल्याची खात्री भोरमध्येच करून घ्यावी.

नीरा-देवघर धरणाच्या काठाने जाणारा रस्ता सतत चढ-उताराचा असल्याने सुरुवातीलाच दम घालवू नये. पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब आणि किमान दोन लिटर पाणी सोबत असावे, कारण वाटेत सायकलचे दुकान मिळेलच असे नाही.

घाटमाथ्यावर वाघजाई देवीच्या मंदिरापाशी थांबावे. तेथील गरम भजी चुकवू नयेत, मात्र माकडांपासून पिशवी सांभाळावी. रस्ता ज्या डोंगरातील खिंडीतून जातो, तो कावळ्या किल्ल्याचाच डोंगर आहे.

खरी कसोटी उताराची. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबले जाणारे ब्रेक) सलग दाबून धरल्यास रिम तापून ट्यूब फुटू शकते, त्यामुळे वळणाआधीच वेग कमी करावा, ब्रेक थोडा थोडा दाबून सोडावा आणि खडी दिसताच सायकल सरळ ठेवावी. पायथ्याशी वेळ उरला, तर शिवथरघळीकडे वळावे.